जुन्या फळ्या, गंजका पत्रा आणि प्रेअरी... चित्र काही जमेना

माळावरची
नमस्कार मंडळी, कॅन्ससमध्ये तीन वर्षं झाली, फ्लिंट हिल्स या गवताळ टेकड्यांमधून सारखं जाणंयेणं असतं आणि ते गवत काही डोक्यातून जात नाही, म्हणून त्या प्रेअरीचं, म्हणजे गवताच्या अफाट माळाचं, चित्र करायला घेतलं. शेजारच्या आजोबांनी जुना बार्न (शेतावरचं कोठार) पाडला तेव्हा राखाडी फळ्या, गंजका पत्रा, काटेरी तारेचं भेंडोळं, गवताचे गठ्ठे बांधायची सिसलची सुतळी, सगळं घेऊन जा म्हणाले. मी हावरटासारखं सगळंच आणलं आणि सगळंच एका प्लायवर पांढऱ्या गोंदाने चिकटवलं, वर निळं आभाळ रंगवलं. आता लांबून बघितलं तर भंगाराचं दुकान दिसतंय. पत्रा दोन दिवसांत सुटला आणि शेजारच्या कागदावर गंजाचे डाग आलेत ते वेगळेच. काय चुकतंय?

खिळेवाला
पत्र्याला पांढरा गोंद नाही धरत, त्यात तो पाण्याचा, म्हणजे गंजाला आमंत्रणच. दोन बारीक भोकं पाडा आणि तारेने मागून आवळा, नाहीतर सरळ स्क्रू मारा, दिसला तर दिसू दे. सुटा गंज तारेच्या ब्रशने झाडा, मग दोन्ही बाजूंनी ॲक्रिलिक व्हार्निशचे दोन हात, वाळल्याशिवाय कागद जवळ आणू नका.
आणि महत्त्वाचं, फळीवर जुना रंग असेल तर घासू नका. अमेरिकेत घरगुती रंगातलं शिसं 1978 ला बंद झालं, त्याआधीच्या रंगात असू शकतं. हिरवट झाक असलेलं ट्रीटेड, म्हणजे किडू नये म्हणून रसायन मुरवलेलं, लाकूड असेल तर त्यात आर्सेनिक असू शकतं, ते कापूही नका.

अर्धवट_चित्रकार
गोंदाचं झालं, पण खरी गडबड मांडणीत आहे असं मला वाटतं (फोटो न बघता बोलतोय, शिव्या घाला). निळं आभाळ कशाला रंगवलंत? राखाडी फळीच आभाळ आहे की. खिळ्याच्या भोकाखाली गंजाचा जो काळपट ओघळ असतो ना, तो लांबून पडणारा पाऊस दिसतो, त्याला हात लावू नका.
दुसरं म्हणजे क्षितिज वर न्या. बिग ब्लूस्टेम या प्रेअरीच्या उंच गवताची मुळं दहा फुटांपर्यंत खाली जातात, म्हणजे बहुतेक प्रेअरी जमिनीखालीच. सुतळी पिळून पिळून उसवा, तिचे धागे खाली सोडा. खरं गवत चिकटवू नका, त्याचा रंग उडतो.

नांगरट
+१ मुळांना. एकेकाळी उंच गवताची प्रेअरी 17 कोटी एकर होती, आता 4 टक्क्यांहून कमी उरलीय आणि तीही बरीचशी फ्लिंट हिल्समध्ये, कारण तिथे मातीखाली दगड, नांगरच चालला नाही. तेव्हा तळाला दगडी खडबडीतपणा हवा, जुन्या प्लास्टरचे तुकडे चालतील.
तारेचं भेंडोळं मात्र काढून टाका. जोसेफ ग्लिडनने 1874 मध्ये काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि मोकळा माळ कुंपणात गेला, अख्ख्या चित्रात तिची एकच आडवी ओढ पुरे.

माळावरची
बाप रे, धन्यवाद सगळ्यांना! काल सगळं उखडलं, रंगाच्या दोन फळ्या बाजूला काढल्या. एक बिनरंगाची फळी, एक तार, उसवलेली सुतळी, बस. सुतळी उसवता उसवता बोटांची सालं निघाली पण खरंच मुळं दिसतायत हो. आता अडकलेय ती क्षितिजाच्या रेघेवर, वसंतात इथे माळ मुद्दाम जाळतात तेव्हा जमीन काळीकुट्ट होते तशी करायचीय. कोळसा फळीवर घासला तर हाताला लागत राहतो, काय करायचं?

खिळेवाला
फिक्सेटिव्हचा (कोळसा जागेवर धरून ठेवणारा) स्प्रे, लांबून, हलक्या हाताने, दोनतीनदा. घरात नाही, बाहेर. आणि वारा नसेल तेव्हा. कॅन्ससमध्ये असा दिवस मिळाला तर कळवा.