पेपरसोबत कोड आणि टेस्टचा डेटा सक्तीचा करावा का?

फोरट्रानप्रेमी:
क्रिस्टल प्लॅस्टिसिटीत (धातूच्या स्फटिकांचं कायमचं वाकणं गणितात मांडण्यात) हात घातलेल्या माणसाला एक जुना रिपोर्ट कधी ना कधी भेटतोच. १९९१ साली हार्वर्डला योंगगांग हुआंग यांनी अबॅकस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरसाठी लिहिलेला सिंगल क्रिस्टलचा यूमॅट, म्हणजे मटेरियल कसं वागेल ते सॉफ्टवेअरला सांगणारा कोड. पुढे कायसर या संशोधकांनी त्यात सुधारणा केल्या, कोड हातोहात फिरत राहिला आणि ३० वर्षांनंतरही लोक त्याच्यावरच आपापली मॉडेल्स चढवतायत. आणि आता काय, तर पेपरच्या शेवटी एक ओळ, "वाजवी विनंती केल्यास डेटा मिळेल". करून बघा विनंती, उत्तर आलं तर मला कळवा. माझं मत स्पष्ट आहे, सरकारी पैशातून काम झालं असेल तर यूमॅट, इनपुट फाईल आणि टेस्टचा कच्चा लोड-डिस्प्लेसमेंट डेटा (किती भाराला किती सरकलं) सोबत पाहिजे, नसेल तर पेपर परत.

थीसिस_कधी_संपणार:
दादा, बोलायला काय जातंय. रिटर्न मॅपिंग (कोडमधली ताण काढायची आकडेमोड) कन्व्हर्ज होईना, उत्तरावर टेकेना म्हणून रात्री मी घालवायच्या, पहिला पेपर कसाबसा निघाला, त्याच कोडमधून अजून दोन काढायचेत, आणि आत्ताच सगळं उघडं टाकायचं? बाहेरचा एखादा मोठा ग्रुप चार पोरं बसवून माझ्याआधी छापून मोकळा होईल. ज्यांची नोकरी पक्की झालीये त्यांनी आधी टाकावेत कोड.

फोरट्रानप्रेमी:
उलट होतं रे. मार्टिनेझ-पान्येदा यांच्या ग्रुपचं बघ, फेज फील्ड फ्रॅक्चरचे (तडा कसा पसरतो ते काढायच्या पद्धतीचे) कोड वेबसाईटवर ठेवलेत, मागणं एवढंच की वापरलात तर पेपरचा संदर्भ द्या. त्यांची २०२१ ची युक्ती बघितलीस का? फेज फील्डचं समीकरण आणि उष्णतावहनाचं समीकरण एकाच साच्याचं, म्हणून अबॅकसमधल्या तापमानाच्या जागी डॅमेज (मटेरियल किती तुटलंय ते) बसवायचं, वेगळं एलिमेंट लिहायची भानगडच नाही. कोड दिला नसता तर हे इतक्या लोकांनी वापरलं असतं का?

मास्तर:
मी शिकवतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. एका पोरानं नेटवरून यूमॅट उचलला आणि वरवरचे बदल करून एक्सप्लिसिट या अबॅकसच्या दुसऱ्या सॉल्व्हरसाठी व्हीयूमॅट (तिथला यूमॅट) केला. आता स्टँडर्डमध्ये, म्हणजे यूमॅट चालतो त्या सॉल्व्हरमध्ये, शिअरचे घटक येतात १२, १३, २३ अशा क्रमानं आणि एक्सप्लिसिटमध्ये १२, २३, ३१. त्यात स्टँडर्डमध्ये इंजिनिअरिंग शिअर स्ट्रेन तर एक्सप्लिसिटमध्ये टेन्सरचा, म्हणजे बरोबर निम्मा. प्लॉट झकास रंगीत, आकडे साफ चुकलेले, आणि पोरगा खूश! आयता कोड मिळाला की कॉन्स्टिट्युटिव्ह मॉडेल (मटेरियलच्या वागण्याचं गणित) कागदावर मांडून बघायचा कोणी त्रासच घेत नाही.

फोरट्रानप्रेमी:
सर, कोड उघडा होता म्हणूनच तुम्हाला ती चूक सापडली ना? तोच पेपर बंद कोडवर छापून आला असता तर रिव्ह्यूअरला काय दिसलं असतं, तोच रंगीत प्लॉट.

चाकणकर:
कंपनीत आहे म्हणून सांगतो, आमच्याकडचा फटीगचा (पुन्हापुन्हा भार देऊन केलेल्या टेस्टचा) डेटा कस्टमरचा असतो, तो द्यायचा म्हटलं तर लीगलवाले दारातच उभे राहतील. सक्ती केलीत तर इंडस्ट्रीवाले पेपर लिहायचेच बंद होतील, आधीच किती लिहितात. आणि अबॅकसचं लायसन्स नसलेल्या कॉलेजातल्या पोरानं तो यूमॅट घेऊन करायचं काय? त्यापेक्षा कॅलक्युलिक्स या फुकट सॉफ्टवेअरमध्ये चालेल असं द्या, इनपुट फाईल बरीचशी अबॅकससारखीच आहे आणि यूमॅट जोडायचीही सोय आहे. फ्रान्सच्या ईडीएफनं तर कोड_ॲस्टर हे असंच सॉफ्टवेअर २००१ पासून खुला केलाय, आणि ती वीज कंपनी आहे हो, विद्यापीठ नव्हे.

खासगी_कॉलेजवाला:
+१. केंद्राच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शनला (जर्नल्सच्या एकत्र वर्गणीला) ३ वर्षांसाठी ६,००० कोटी मंजूर झाले, चांगलंच आहे, पण ते सरकारी संस्थांपुरतं आणि तेही पेपर वाचण्यापुरतं. आम्हाला ना पेपर ना लायसन्स.

तडा_तज्ज्ञ:
सगळे कोडवरच भांडताय, टेस्ट करणाऱ्यांना कोणी विचारतच नाही. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेचं २०१२ चं फ्रॅक्चर चॅलेंज आठवा. १३ टीमना स्टीलचा टेन्साईल (ओढून केलेल्या टेस्टचा) डेटा आणि नमुन्याचं ड्रॉइंग दिलं, तडा कुठून जाईल आणि लोड किती येईल ते टेस्टचा निकाल न बघता सांगा म्हणाले. नंतर कळलं की नमुन्यातल्या भोकांच्या जागेत मशीनिंगचा जरासा फरक पडला तरी तड्याचा रस्ता बदलत होता. म्हणजे कोड कितीही चोख असू दे, नमुन्याची प्रत्यक्ष मापं दिली नाहीत तर तो कशाशी ताडून बघणार? पेपरात मात्र ड्रॉइंगवरचीच मापं छापतात. माझ्या मते आधी मापं आणि कच्चे कर्व्ह द्या, कोड नंतर मागा.

थीसिस_कधी_संपणार:
हे पटतंय. कर्व्ह आणि मापं मी आजही देईन. कोड थीसिस जमा झाल्यावर.

फोरट्रानप्रेमी:
मग झेनोडो या डेटा ठेवायच्या साईटवर एम्बार्गो (ठरलेल्या तारखेपर्यंत बंद) लावून आत्ताच टाकून ठेव की, डीओआय (कायमचा संदर्भ क्रमांक) मिळतो, तारीख आली की आपोआप खुला होतो. "नंतर देतो" म्हणणारे नोकरी लागली की ईमेलसुद्धा बदलतात.

मास्तर:
टाकशील तेव्हा निदान कुठल्या स्टेट व्हेरिएबलमध्ये (मटेरियलची अवस्था साठवायच्या जागेत) काय साठवलंय ते तरी लिही बाबा. स्टेटव्हीच्या, म्हणजे त्या व्हेरिएबलांच्या यादीच्या, शंभर जागा आणि कमेंट एकही नाही, असले कोड बघून डोळे गेलेत माझे. आणि एम्बार्गो सहा महिन्यांच्या वर नको.

थीसिस_कधी_संपणार:
सहा महिन्यांत रिव्ह्यू तरी येतो का, सर?