मदत हवी आहे : बाबांच्या जुन्या लॅपटॉपवरचा ब्राउझर हलका आणि सोपा कसा करू?

निळी_शाई (इंदूर)

नमस्कार मंडळी,

माझे बाबा 78 वर्षांचे आहेत. आम्ही राजेंद्रनगरला राहतो. आमच्या दारात मराठी पेपर येत नाही, त्यामुळे गेली सहा-सात वर्षं सकाळचे पोहे झाले की बाबा लॅपटॉप उघडून चार मराठी वर्तमानपत्रांच्या साइट वाचतात आणि शेवटी एक शब्दकोडं सोडवतात. दिवाळीपासून हे बंद पडलंय. पान उघडेपर्यंत चहा निवतो. आधी ते वाट बघत बसायचे, आता म्हणतात, "राहू दे, तुझ्या फोनवरचे मथळे वाचून दाखव." दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत, फोनवरचं बारीक वाचणं त्यांना जमत नाही. दिवसभर नुसते बसून असतात. मला त्यांचं वाचन परत सुरू करून द्यायचंय.

लॅपटॉप 2015 चा, 4 जीबी रॅम, साधी फिरती हार्ड डिस्क, विंडोज 10, ब्राउझर फायरफॉक्स. काल मी घड्याळ लावून बसले. आयकॉनवर डबल क्लिक केल्यापासून खिडकी दिसायला 1 मिनिट 10 सेकंद लागले, पहिली बातमी वाचण्याजोगी व्हायला आणखी 50 सेकंद. वाचायला लागलं की वर एखादी जाहिरात उशिरा येते आणि अख्खा मजकूर खाली ढकलला जातो. बाबांची ओळ हरवते. शिवाय उजव्या कोपऱ्यात सारख्या चौकटी उगवतात, "तुमच्या संगणकात व्हायरस आहे" वगैरे. त्या पाहून ते इतके घाबरतात की झाकणच मिटून टाकतात. वरच्या पट्टीत 43 टॅब होते, मी मोजले.

महिन्यापूर्वी दुरुस्तीच्या एका दुकानात दाखवलं. त्यांनी वेग वाढवणारं म्हणून काहीतरी टाकून दिलं, आणि तेव्हापासून काही शोधलं की भलतंच पान उघडतं. परत गेले तर उत्तर मिळालं, "दीदी, इसमें अब दम नहीं बचा, नया ले लो." नवा घेणं अशक्य आहे असं नाही, पण बाबांना हाच हवाय. त्याच्या कीबोर्डवर त्यांनी स्वतः मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवलेत. 'ळ'चा झिजला तर त्यावर पेनानं परत गिरवलाय. नव्या कीबोर्डवर बोटं नव्यानं बसवायचं त्यांचं वय नाही.

नेटवर एक यादी सापडली : अॅड्रेस बारमध्ये 'अबाउट:कॉन्फिग' लिहून पाइपलायनिंग चालू करा, एका वेळच्या विनंत्या 30 करा, पेंट डिले शून्य करा, रोज कॅशे साफ करा. हे करू का? काही बिघडेल का? कृपया सोप्या शब्दांत सांगा, मी संगणकातली नाही, शाळेत मराठी शिकवत होते.

---

दांडिया_बाजार (वडोदरा)

ताई, ती यादी बाजूला ठेवा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आम्ही सगळ्यांनी ती मनापासून वापरली आहे, पण तो काळ गेला.

पाइपलायनिंग म्हणजे एका जोडणीवरून, पहिल्या विनंतीचं उत्तर यायच्या आत पुढच्या विनंत्या पाठवून देणं. अडचण अशी की उत्तरं त्याच क्रमानं परत यावी लागत, म्हणजे पुढचा एक अडला की मागचे सगळे रांगेत उभे. 2015 मध्ये एचटीटीपी/2 (ब्राउझर आणि साइट यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या नियमांची नवी आवृत्ती) आलं, त्यात एकाच जोडणीवर अनेक उत्तरं एकमेकांत मिसळून येऊ शकतात. मग फायरफॉक्सनं 2017 मध्ये पाइपलायनिंगचा कोडच काढून टाकला. आता ते नाव तुम्ही हातानं लिहून चालू केलं तरी वाचणारं आत कुणी नाही.

पेंट डिलेचंही तसंच. पान रंगवायला सुरुवात करण्याआधी ब्राउझर पूर्वी 250 मिलिसेकंद थांबायचा, म्हणून तो शून्य करायची पद्धत होती. आता मुळातलाच आकडा अगदी लहान आहे. आणि कॅशे, म्हणजे आधी उघडलेल्या पानांतलं ब्राउझरनं जपून ठेवलेलं सामान, रोज साफ करणं तर उलटंच आहे. तीच चित्रं, तेच फॉन्ट रोज नव्यानं उतरवावे लागतात. साइट तुटकी दिसायला लागली तर साफ करावं, एरवी हात लावू नये.

आधी रोग कुठे आहे ते बघू. अॅड्रेस बारमध्ये 'अबाउट:प्रोसेसेस' लिहा. कोण किती मेमरी आणि किती सीपीयू (प्रोसेसरची ताकद) खातंय त्याची यादी येईल. पाच मिनिटं तशीच उघडी ठेवा आणि वर काय राहतं ते कळवा.

---

निळी_शाई

दादा, पाहिलं. बातम्यांच्या दोन साइट वर होत्याच, पण सगळ्यात वर 'एक्स्टेन्शन्स' ही ओळ होती आणि ती खाली येतच नव्हती. मी काहीही उघडलेलं नसताना सीपीयूचा आकडा 20 च्या वर. बाण दाबून उलगडलं तर आत चार नावं. त्यातलं एकही बाबांनी टाकलेलं नाही.

---

दांडिया_बाजार

मग अर्धं काम झालं. एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम. मेनूतून 'अॅड-ऑन्स अँड थीम्स'मध्ये जा आणि चारही काढून टाका. नुसती बंद करू नका, 'रिमूव्ह' म्हणा. नंतर सेटिंग्जमध्ये 'सर्च'मध्ये जाऊन शोधयंत्र कोणतं लावलंय ते बघा, आणि 'होम'मध्ये सुरुवातीचं पान कोणतं तेही. दुकानातल्या त्या वस्तूनं दोन्ही बदललेलं असणार.

एवढं करूनही भलतंच पान उघडलं तर 'अबाउट:सपोर्ट'मध्ये 'रिफ्रेश फायरफॉक्स'चं बटण आहे. त्यात बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड राहतात, एक्स्टेन्शन आणि बदललेल्या सेटिंग्ज जातात. तरीही आधी बुकमार्कची प्रत काढून ठेवा.

---

लष्करकर (ग्वाल्हेर)

ताई, त्या कोपऱ्यातल्या चौकटींबद्दल मी सांगतो, माझ्या आजीच्या संगणकावर हाच त्रास होता. तो व्हायरस नाही. एखाद्या साइटनं "सूचना दाखवू का?" असं विचारलं आणि बाबांचं बोट 'अलाउ'वर पडलं, एवढंच. वयस्कर माणसाला वाटतं की चौकट आली म्हणजे 'हो' म्हटल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

सेटिंग्ज, मग 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात खाली 'परमिशन्स', तिथे 'नोटिफिकेशन्स'समोरचं बटण. परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल, सगळ्या काढा. त्याच खिडकीत खाली नवीन विनंत्याच अडवायची खूण आहे, ती नक्की करा, म्हणजे प्रश्नच विचारला जाणार नाही. लगेच त्याखालच्या 'ऑटोप्ले'मध्ये जाऊन ऑडिओ आणि व्हिडिओ दोन्ही ब्लॉक करा. बातमीच्या कडेला आपोआप सुरू होणारा व्हिडिओ हा 4 जीबीच्या मशीनचा जीव घेतो.

आता 43 टॅब. बाबांनी ते मुद्दाम उघडले नाहीत. बऱ्याच वर्तमानपत्रांच्या साइटवर बातमीवर टिचकी मारली की ती नव्या टॅबमध्ये उघडते. तिथे 'मागे'चा बाण फिका असतो, माणसाला परतीची वाट दिसत नाही. मग तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. आजीचं असंच व्हायचं, आणि आम्ही तिलाच म्हणायचो, टॅब बंद करत जा. चूक तिची नव्हती.

उपाय : 'अबाउट:कॉन्फिग' उघडा (हे फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंग्जचं पान; धोक्याची सूचना येईल, पुढे जा). शोधात लिहा 'ब्राउझर डॉट लिंक डॉट ओपन_न्यूविंडो', अर्थात इंग्रजी लिपीत आणि डॉटच्या जागी टिंब. मूळ आकडा 3 असेल, तो 1 करा. मग बातमी त्याच टॅबमध्ये उघडते आणि 'मागे'चा बाण चालतो. एखाद्या साइटवर, विशेषतः पैसे भरताना, गडबड वाटली तर परत 3 करायचं.

---

दांडिया_बाजार

लष्करकर, हे उत्तम. त्यालाच जोडून : फिरती हार्ड डिस्क आहे म्हणून 'ब्राउझर डॉट सेशनस्टोअर डॉट इंटरव्हल' हेही बदला. फायरफॉक्स दर 15 सेकंदांनी उघड्या टॅबची नोंद डिस्कवर लिहितो. आकडा मिलिसेकंदात आहे, 15000. तो 60000 करा. वीज गेली तर शेवटच्या मिनिटाची नोंद जाईल, बाकी तोटा नाही. आणि 'जनरल'मधली जुने टॅब परत उघडण्याची खूण काढा.

---

मृण्मयी_वाचते (इंदूर)

ताई, मी पण इंदूरचीच, लोकमान्यनगरला. वेगाचं झालं, पण बाबांना दिसायलाही हवं ना? माझ्या सासऱ्यांसाठी केलेलं सांगते.

'जनरल'मध्ये 'झूम' आहे, तिथे 133 टक्के लावा, सगळ्या साइटना लागू होतं. बुकमार्कची पट्टी आणि बटणंही मोठी हवी असतील तर 'अबाउट:कॉन्फिग'मध्ये 'लेआउट डॉट सीएसएस डॉट देवपिक्सेल्सपरपीएक्स' शोधा ('देव' म्हणजे डी-ई-व्ही). तिथे उणे 1 असतो, त्याजागी 1.25 लिहा. फार मोठा आकडा टाकू नका, सगळं इतकं फुगतं की परत यायचं बटण पडद्याबाहेर जातं.

फॉन्टसाठी 'जनरल'मध्येच 'फॉन्ट्स', 'अॅडव्हान्स्ड', आणि वरच्या यादीत 'देवनागरी' निवडा. मी 'टिरो देवनागरी मराठी' बसवून घेतला, कारण त्यात 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे आहेत. सासरे पहिल्यांदा पाहून म्हणाले, "हा शाळेतला श." साइटनं स्वतःचा फॉन्ट लादू नये म्हणून तिथली खूण काढता येते, पण मग काही साइटवर बटणांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. मी खूण तशीच ठेवली.

आणि एफ 9! लेख उघडला की एफ 9 दाबायचं. जाहिराती, कडेच्या पट्ट्या सगळं जातं, फक्त मजकूर आणि चित्रं उरतात. अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात, ओळ उडी मारत नाही. मुखपृष्ठावर हे चालत नाही, लेखावरच चालतं. त्या कळीवर एक लाल टिकली चिकटवून द्या.

---

साधा_वाचक

कुणीच कसं म्हटलं नाही? यूब्लॉक ओरिजिन (जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन) टाका. फायरफॉक्सवर ते पूर्ण ताकदीनं चालतं. बातम्यांच्या साइटवर निम्मं ओझं जाहिरातींचं आणि माग काढणाऱ्या स्क्रिप्टचं असतं. ते उतरलंच नाही तर वेळ कशात जाणार?

---

मृण्मयी_वाचते

टाकायला हरकत नाही, पण मराठी वर्तमानपत्रं त्याच जाहिरातींवर चालतात. आमच्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्यांना ती टिकायला हवी आहेत. मी सासऱ्यांच्या रोजच्या पेपरच्या ई-आवृत्तीचे पैसे भरते आणि मग ब्लॉकर लावते. प्रत्येकानं असंच करावं असं म्हणत नाही, पण नुसतं फुकट घेत राहणं मला पटत नाही.

---

निळी_शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस लागले, पण बसून एकेक केलं.

चारही एक्स्टेन्शन काढली. नोटिफिकेशनच्या यादीत 31 साइट निघाल्या, त्यातल्या बऱ्याचशा मला माहीतही नव्हत्या. टॅबचा आकडा 3 चा 1 केला. झूम, फॉन्ट, बुकमार्कची पट्टी, आणि पट्टीवर फक्त पाच नावं मराठीत : चार पेपर आणि कोडं. नवीन टॅबच्या पानावरच्या बाकीच्या गोष्टी बंद केल्या. मृण्मयी, तुझं पटलं, बाबांच्या सगळ्यात आवडत्या पेपरचे वर्षाचे पैसे भरले आणि मग यूब्लॉक लावलं.

पुन्हा घड्याळ लावलं. खिडकी यायला अजून 45 सेकंद लागतात, पण बातमी त्यानंतर 8-9 सेकंदांत वाचता येते. मधे काही हलत नाही.

आज सकाळी मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून बाबांचा आवाज आला, "अगं, मागे जाता येतंय!" बाण दाबून आत-बाहेर, आत-बाहेर असं चार-पाच वेळा केलं त्यांनी. मला तिथेच भरून आलं. इतके दिवस ते प्रत्येक बातमीनंतर अडकत होते आणि मी वेगाच्या मागे होते.

दोन प्रश्न राहिले. खिडकी यायचे 45 सेकंद कमी होतील का? आणि 133 टक्क्यांमुळे शब्दकोड्याची चौकट कापली जाते, उजवीकडचे दोन रकाने दिसत नाहीत.

---

दांडिया_बाजार

45 सेकंद हे डिस्कचे आहेत, ब्राउझरच्या हातात ते नाहीत. हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरता भाग नसलेली, वेगवान डिस्क) बसवा, आणि जागा असेल तर रॅम 8 जीबी करा. कीबोर्ड तोच राहील, स्टिकरसकट. दुकानात जाताना जुन्या डिस्कची प्रत नव्यावर करून मागा आणि जुनी डिस्क घरी आणा. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, तेव्हा त्या मशीनवर बँकेचं काम करू नका. पुढेमागे लिनक्स मिंटचा (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) विचार करा, फायरफॉक्स तिथे असाच दिसेल.

---

लष्करकर

कोड्याच्या पानावर कंट्रोल दाबून उणेची कळ दोनदा दाबा. फायरफॉक्स प्रत्येक साइटचा झूम वेगळा लक्षात ठेवतो, बाकीचे पेपर 133 वरच राहतील. फक्त कोडं आणि बातम्या एकाच साइटवर असतील तर दोन्ही लहान होतील.

---

निळी_शाई

कोडं वेगळ्या साइटवर आहे, जमलं. पूर्ण चौकट दिसतेय. एसएसडीसाठी शनिवारी आरएनटी मार्गावर जाऊन येते, या वेळी दुसऱ्या दुकानात, आणि बाबांना बरोबर घेऊन.