रंगाच्या छोट्या बाटल्या जिगसॉला बांधून घुसळाव्यात का?

वास्कोकर
माझ्या मते मॉडेलच्या रंगांच्या १७ मिलीच्या बाटल्या हाताने हलवत बसणं म्हणजे मनगटाचा छळ. घरात जिगसॉ (पातं वरखाली हलवून लाकूड कापणारं मशीन) असेल तर त्यालाच बाटली धरायची सोय करा.

दाबोळीहून उडायची ती नौदलाची सी हॅरियर विमानं २०१६ मध्ये निवृत्त झाली. त्यातल्या एकाचं १/७२ मॉडेल सध्या टेबलावर आहे. सगळा खेळ करड्या रंगाचा. करड्यातला पांढरा म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, पाण्याच्या चौपट जड. काळा म्हणजे कार्बन, त्याच्या निम्म्यानेही जड नाही. बाटली महिनाभर उभी राहिली की पांढरा तळाला जाऊन बसतो. नीट न मिसळता थेंब काढले तर पंख एका करड्यात, शेपटी दुसऱ्या.

कृती: लाकूड कापायचं जुनं पातं घ्यायचं, ग्राइंडरवर दात उडवायचे. पातं कडक असतं, साधं बिट त्यावर घसरतं. म्हणून फक्त पुढचं टोक गॅसवर लाल करून सावकाश गार होऊ द्यायचं, मग दोन भोकं पाडायची. मशीनमध्ये अडकतो तो भाग तापवायचा नाही. भोकांतून नट-बोल्टने वायरिंगच्या पाइपचा २५ मिमीचा क्लॅम्प बसवायचा, आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा. बाटली आडवी-उभी कशीही धरा, वर रबरबँड हवाच. पेंड्युलमचा (पातं पुढेमागे झुलवणारा) खटका शून्यावर, वेग सगळ्यात कमी. अर्ध्या मिनिटात तळ साफ.

दिचोलीचा चितारी
वास्कोकरबाब, चवथीच्या आधी माझ्याकडे मूर्तींची रांग लागलेली असते, म्हणून मीही घाईतलाच माणूस. तरी हे मला पटत नाही. अॅक्रिलिक जोरात घुसळलं की फेस होतो. तो बाटलीत दिसत नाही, ब्रशच्या रेघेत दिसतो. सुकल्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. अंगरख्यावर चालून जाईल, डोळ्यांच्या आखणीत नाही. मोठ्या डब्यासाठी मीही ड्रिलला पंखा लावतो, पण हळू आणि पंखा रंगात पूर्ण बुडवून. छोट्या बाटलीच्या तोंडाची थेंब पाडायची नळी काढून बांबूच्या काडीने तळ खरवडायचा. काडीला काय लागलंय ते दिसतं तरी. मशीनला काय दिसतं?

वास्कोकर
@दिचोलीचा चितारी फेस होतो हे खरं. म्हणून संध्याकाळी घुसळायचं, सकाळी रंगवायचं. रात्रीत बुडबुडे वर येतात, रंग पुन्हा खाली बसत नाही. आणि चाळीस बाटल्यांच्या नळ्या काडीसाठी उघडल्या तर निम्म्या परत घट्ट बसत नाहीत.

फर्मागुढी मेकॅनिकल
जरा आकडेमोड. जिगसॉच्या पात्याची वरखाली धाव साधारण २० मिमी धरू. मिनिटाला १५०० फेऱ्यांना बाटलीवर गुरुत्वाच्या सुमारे २५ पट त्वरण येतं. ३० ग्रॅमची बाटली त्या क्षणी पाऊण किलोने ओढते. वेग दुप्पट केला की हे चौपट होतं, म्हणजे ३००० ला तीन किलो, आणि तेही दर सेकंदाला पन्नासदा, उलटसुलट. तुमचं ते तापवून मऊ केलेलं टोक नेमकं भोकांपाशी वाकत राहणार. तुकडा उडाला तर डोळ्यात. गॉगल घाला, आणि पातं तापवण्यापेक्षा त्याला दोन्हीकडून लोखंडी पट्ट्या आवळून घ्या.

एक आणखी: जिगसॉचा गार करणारा पंखा मोटरच्याच दांड्यावर असतो. कमी वेगात हवा कमी. सलग पंधरा बाटल्या केल्यात तर मशीन तापेल.

मडगावची गौरी
वेगापेक्षा मला बटणाची भीती. जिगसॉचं बटण दाबून लॉक करता येतं. आमच्याकडे जुलैत वीज दहा वेळा जाते. वीज गेली, तुम्ही बाटली बदलायला हात घातलात आणि वीज आली तर? पातं नाही म्हणता, पण बोट क्लॅम्प आणि मशीनच्या बुडाच्या मध्ये असतं. बाटली बदलताना प्लग काढा. नाहीतर बॅटरीवाला घ्या, त्यात निदान ही भानगड नाही.

आणि नेलपॉलिश हलवायचं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं की. आख्खा जिगसॉ कशाला?

वास्कोकर
गौरीताई, प्लगचं मान्य, लॉक मी वापरतच नाही. नेलपॉलिशचं यंत्र ताज्या बाटलीला ठीक आहे. दोन पावसाळे कपाटात पडलेल्या रंगाचा तळ चिकणमातीसारखा होतो, तो त्याने हलत नाही.

फोंड्याचा रंगवेडा
तुम्ही सगळे मशीनवर भांडताय, खरं काम गोळ्यांचं आहे. बाटलीत ५ मिमीच्या स्टेनलेसच्या दोन गोळ्या टाका, ३१६ ग्रेडची (कमी गंजणारी) मिळाली तर उत्तम. मग हातानेही मिनिटभरात तळ सुटतो. गोळीशिवाय जिगसॉ लावलात तर वरचं पाणीच नाचतं, खालचा थर जागच्या जागी. सायकलच्या बेअरिंगची गोळी मात्र नको. पाण्याच्या रंगात ती गंजते आणि पांढरा पिवळसर पडतो. काचेचे मणीही चालतात, पण हलके, म्हणून जास्त लागतात.

दिचोलीचा चितारी
हे बोललात ते कामाचं. गोळ्या मी आणतो, जिगसॉ तुम्हीच ठेवा. मॅट वार्निशला तरी हे लावू नका हां. त्यातली सिलिका (चमक मारणारी पूड) नीट मिसळली नाही तर पांढरी झाक येते हे खरं, पण फेसासकट मारलं तरी तेच होतं. तिथे सावकाश ढवळणं आणि धीर.

वास्कोकर
वार्निश उलटंपालटं करत हातानेच, यावर वाद नाही. बाकी रंगांना मी जिगसॉच लावणार, आता गोळ्या टाकून.

फर्मागुढी मेकॅनिकल
मग एनॅमल आणि थिनरच्या बाटल्यांचं काय करताय? ब्रशवाल्या मोटरमध्ये ठिणग्या उडतात. झाकण सुटलं की वाफ थेट तिथेच. माझं मत: त्या बाटल्या मशीनच्या आसपासही नकोत.

पेडण्याचा नवशिका
माझ्याकडे १२ मिलीचे वर उघडणाऱ्या झाकणाचे डबे आहेत. ते या क्लॅम्पमध्ये चालतील का?

फोंड्याचा रंगवेडा
नाही रे. ते झाकण पहिल्या झटक्यात उघडतं, मग भिंत रंगवायला वेगळा माणूस बोलवावा लागेल. रंग नळीच्या बाटलीत ओत, गोळ्या टाक, मग हवं ते कर.