‘कफ सिरप’मधला कफ कुठला?

प्रश्न

माझी लेक सातवीत आहे. तिला शाळेत एक शब्दखेळ दिला होता. पाच अक्षरांचे इंग्रजी शब्द शोधायचे, शेवटची चार अक्षरं ओ-यू-जी-एच हीच हवीत, फक्त पहिलं बदलायचं आणि पुढे मराठी अर्थ लिहायचा. तिने चार लिहिले. टफ म्हणजे कठीण, रफ म्हणजे खडबडीत, डो म्हणजे कणीक, आणि पहिलं अक्षर सी घेऊन झालेल्या शब्दापुढे ‘कफ’. बाईंनी ‘कफ’ खोडून ‘खोकला’ लिहिलं. औषधाच्या बाटलीला आपण सगळेच कफ सिरप म्हणतो, मग हे चूक कसं?

प्रतिसाद

ताई, बाईंचं बरोबर आहे. त्या इंग्रजी शब्दाचा उच्चार कॉफ, अर्थ खोकला किंवा खोकणं. आपला कफ संस्कृतातून आलेला, वात-पित्त-कफातला. छातीत साठतो तो. इंग्रजी शब्द खोकल्याच्या आवाजावरून घडलेला आहे आणि त्याची भावंडं डच-जर्मन भाषांत आहेत. दोघांचं काहीही नातं नाही. कॉफ सिरपचं आपल्या तोंडी कफ सिरप झालं आणि ‘कफावरचं औषध’ असा अर्थ इतका चपखल बसला की कुणाला शंकाच आली नाही.

प्रतिसाद

वरच्या उत्तरात भर घालते, कारण हा गोंधळ वहीपुरता राहत नाही. कोरड्या खोकल्याची उबळ दाबणारं औषध वेगळं आणि छातीतला कफ सुटा करणारं वेगळं. ढास लागून रात्रभर झोप नसलेला माणूस दुकानात जाऊन ‘कफ झालाय’ म्हणाला, तर ऐकणाऱ्याला छाती भरलेली वाटणार. आपल्याकडे किती नेमके शब्द आहेत! घास अडकला तर ठसका, थांबता थांबत नाही ती ढास, घसा साफ करायला खाकरणं, लहान मुलांना होतो तो डांग्या खोकला, आणि बाहेर पडतो तो बेडका. हे सगळे एका ‘कफ’मध्ये कोंबू नयेत, असं मला फार मनापासून वाटतं.

प्रतिसाद

टफला ‘कठीण’ चालेल, पण पहिला अर्थ ‘चिवट’ लिहायला सांगा. काच कठीण असते, चिवट नसते. पडली की फुटते. चामडं चिवट. न शिजलेलं मटण चिवट, आणि हार न मानणारा माणूसही चिवटच. इंग्रजीत या तिघांनाही टफ म्हणतात. इतका नेमका जुळणारा मराठी शब्द असताना ‘कठीण’वर का थांबायचं?

डोचं उलट आहे. इंग्रजीत एकच शब्द, आपल्याकडे पीठ बदललं की शब्द बदलतो. गव्हाची ती कणीक. भाकरीसाठी मळलेल्या ज्वारीला कुणी कणीक म्हणत नाही, ते पीठच. मोदकाची ती उकड. पोळीसाठी तोडून घेतला की उंडा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे आभार. लेकीचा आता वेगळाच प्रश्न आहे. चार अक्षरं तीच, तरी कुठे ‘फ’ आणि कुठे काहीच नाही, असं का? आणि आणखी शब्द आहेत का?

प्रतिसाद

आहेत की. बी लावला की बाउ, म्हणजे झाडाची मोठी फांदी. एल लावला की लॉख, आयर्लंडमधल्या तळ्यांच्या नावात येतो तो. उत्तर आयर्लंडमधलं लॉख नेय हे प्रसिद्ध आहे. एच लावला की हॉक, जनावराच्या मागच्या पायाचा सांधा. एस लावला तर साउ किंवा सफ, दोन्ही उच्चार चालतात, अर्थ झाडांतून वाहणाऱ्या वाऱ्याचा आवाज. आपली सळसळ. तिचे चार धरून आठ झाले.

उच्चाराचं कारण असं. जुन्या इंग्रजीत या शब्दांच्या शेवटी घशातून घासत येणारा, ‘ख’ आणि ‘ह’ यांच्या मधला आवाज होता. मध्ययुगातले लेखनिक तो जी-एच असा लिहू लागले. पुढे तो आवाज इंग्लंडच्या बोलीतून गेला. काही शब्दांत त्याचा ‘फ’ झाला, काहींत तो नुसताच विरला. लेखन मात्र राहिलं. लॉखमध्ये तो अजून ऐकू येतो, कारण तो शब्द मुळात आयरिश.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. बाउ हा आपल्या ‘बाहू’चा सख्खा नातेवाईक आहे! जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ खांदा असाही होता. आपल्याकडे ‘स्कंध’ म्हणजे खांदा आणि झाडाचं खोडही. खांदा आणि खांदी हे शब्द तिथलेच. झाडात माणसाचे हात-खांदे दोन्हीकडच्या लोकांना दिसले. आणि डोचा नातेवाईक म्हणजे ‘देह’. मूळ धातूचा अर्थ लिंपणं, मळून आकार देणं. कणीक मळलेली आणि देह घडवलेला. इंग्रजीतला तो मुका जी-एच आणि बाहू-देह यांतला ‘ह’ एकाच जुन्या ध्वनीतून उतरलेत. लेकीला दोन्ही जोड्या शेजारी लिहून दाखवा : बाउ-बाहू, डो-देह. सारखे ऐकू येणारे कॉफ आणि कफ परके निघाले, आणि ज्यांच्याकडे कुणी पाहिलं नसतं ते घरचे निघाले.

प्रतिसाद

एक छोटी दुरुस्ती. वहीत बाउपुढे नुसतं ‘फांदी’ लिहू नका, ‘मोठी फांदी’ लिहा. पानांनी लवणारी बारीक ती डहाळी, तिला इंग्रजीत ट्विग म्हणतात.