‘पेअर करणे’ला मराठीत काय म्हणावं? (खिशातला प्लेअर आणि हेडफोन ॲम्प)

विचारणा

एका मित्राकडून हेडफोनचा छोटा ॲम्प्लिफायर उसना आणला. त्याचा निरोप आला, ‘तुझा प्लेअर त्याच्याशी पेअर कर आणि मग ऐक.’ मी अर्धा तास त्या डबीवर ब्लूटूथचं बटण शोधत बसलो. बटण नव्हतंच. त्याला म्हणायचं होतं की एक वायर लाव.

आता हेच सगळं मराठीत नीट लिहून ठेवावं म्हणून टिपण करायला घेतलं, तर पहिल्याच वाक्यावर गाडी अडली. ‘पेअर करणे’ म्हटलं की हल्ली सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ब्लूटूथ येतं. ‘जोडणे’ म्हणावं तर अर्थ फारच पातळ होतो, कारण कोणत्या प्लेअरबरोबर कोणता ॲम्प शोभेल हा भाग त्यात येत नाही. ‘जोडी लावणे’, ‘जुळवणे’, ‘सांगड घालणे’, ‘मेळ बसवणे’ असे शब्द लिहून खोडले आहेत. गाण्यातला ‘साथसंगत’ही सुचला, पण लिहिल्यावर माझं मलाच हसू आलं. तुम्ही काय म्हणाल?

*

जोडणे. वायरच लावायची आहे ना? उगाच सोन्याचा मुलामा कशाला.

*

वरच्या उत्तराशी अर्धा सहमत. जोडणे हा शब्द खरा आहे, त्याचा हेडफोनच्या खाचेशी (जॅकशी) जुना संबंधही आहे. मोठ्या हेडफोनला जो ६.३५ मिलिमीटरचा जाड प्लग असतो, तो मुळात एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधला. ऑपरेटर तो प्लग उचलून दुसऱ्या खाचेत खुपसायची आणि आपण मराठीत म्हणायचो ‘फोन जोडून दिला’. खिशातल्या प्लेअरचा ३.५ मिलिमीटरचा प्लग हा त्याचाच धाकटा भाऊ.

पण गोम इथेच आहे. ही खाच दिसायला सगळीकडे सारखी. हेडफोनची तीच, माइकची तीच, लाइन आउटची (बाहेरच्या ॲम्पला संकेत देणारी) तीच. त्यामुळे जोडता कशालाही काहीही येतं. प्लग आत गेला, ‘टक्’ झालं, म्हणजे काम झालं असं नाही. धागाकर्त्यांना जो अर्थ हवाय तो त्या ‘टक्’नंतर सुरू होतो.

*

जरा अवांतर. तुम्ही ‘ॲम्प’ लिहिलंत ते चांगलं केलंत. ‘अँप’ असं लिहिलं की वाचणारा आधी वायरमनकडे जातो (‘१५ अँपचा प्लग’), मग मोबाइलकडे (‘ॲप’), आणि सगळ्यात शेवटी तुमच्याकडे येतो. बोलताना मात्र आपण लिंगावरून बरोबर ओळखतो. ‘ते ॲप उघड’ आणि ‘तो ॲम्प लाव’. नपुंसकलिंगी असेल तर मोबाइलमधलं, पुल्लिंगी असेल तर वायरीचं. हे कोणी ठरवलं देव जाणे.

पारिभाषिक शब्द हवा असेल तर ‘विवर्धक’ आहे. हिंदीतला ‘प्रवर्धक’ आणि आपला ‘विवर्धक’ यांची गल्लत बऱ्याच ठिकाणी दिसते. ‘ध्वनिवर्धक’ मात्र इथे कृपया नको. तो शब्द ऐकला की खांबाला बांधलेला कर्णा दिसतो, खिशातली डबी नाही.

*

मूळ मुद्द्यावर येतो. इंग्रजीत हे लोक ‘हेडफोन ड्राइव्ह करणे’ म्हणतात आणि आपण त्याचं ‘हेडफोन चालवणे’ करून टाकतो. ते फार वाईट वाटतं, हेडफोन काय सायकल आहे? मराठीत यासाठी आयता शब्द आहे: झेपणे. ‘या प्लेअरला हा हेडफोन झेपत नाही.’ एका वाक्यात सगळं आलं.

काय झेपत नाही ते आकड्यांत सांगतो. समजा खिशातला प्लेअर जास्तीत जास्त १ व्होल्ट देतो. ३२ ओहमच्या हेडफोनला (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा मोजायचं एकक) तो लावला तर सुमारे ३१ मिलिवॉट मिळतात. तोच प्लेअर ३०० ओहमच्या हेडफोनला (सेनहायझरचा एचडी ६०० घ्या) लावला तर मिळतात जेमतेम ३.३. तिथेही ३० मिलिवॉट हवे असतील तर ३ व्होल्ट लागतील, आणि ते प्लेअरच्या छोट्या बॅटरीतून निघत नाहीत. मग मध्ये ॲम्प येतो. म्हणजे ॲम्प येतो तो ‘पेअर’ व्हायला नव्हे, भार उचलायला.

यातच ‘पेलणे’ही आहे. माझ्या कानाला दोघांत फरक वाटतो. पेलणे म्हणजे उचललं आणि धरूनही ठेवलं. झेपणे हा शब्द बहुतेक नकारात किंवा शंकेतच येतो: झेपेल का, झेपत नाही, झेपलं तर बघू. ‘मला छान झेपलं’ असं सहसा कोणी म्हणत नाही. म्हणून प्लेअरला ‘झेपत नाही’ आणि ॲम्प ‘पेलतो’, अशी वाटणी मी करेन.

*

झेपणे आवडलं. पण तुमचं उदाहरण वाचून लोकांचा समज होईल की ओहमचा आकडा मोठा म्हणजे हेडफोन जड. तसं नाही. हायफायमॅनचा एचई-६ हा हेडफोन फक्त ५० ओहमचा आहे आणि तरीही तो भल्याभल्या ॲम्पना घाम फोडतो, कारण त्याची संवेदनक्षमता मिलिवॉटला ८३.५ डेसिबल इतकीच आहे. त्याच्यातून ११० डेसिबलचं शिखर काढायचं तर साडेचारशेच्या आसपास मिलिवॉट लागतात. दाब पावणेपाच व्होल्ट आणि प्रवाह ९५ मिलिअँपिअर, दोन्ही एकदम. (घ्या, आला तुमचा अँप!)

उलट काही ३०० ओहमचे हेडफोन दाब मागतात, पण प्रवाह अगदी थोडा घेतात. एकाला उंचीवर चढवावं लागतं आणि दुसऱ्याला ओढावं लागतं. टिपणात नुसतं ‘जड हेडफोन’ लिहू नका. कशाने जड, तेही लिहा.

*

‘जुळवणे’बद्दल एक इशारा. हा शब्द गोड आहे, पण इथे फसवतो. ‘इम्पीडन्स मॅचिंग’चं भाषांतर ‘संरोध (म्हणजे तोच ओहममधला अडथळा) जुळवणे’ असं केलं की वाचणारा समजतो, दोन्हीकडचे आकडे सारखे करायचे. जुळी मुलं, जुळे आंबे, तशी जुळी उपकरणं. टेलिफोनच्या लांबलचक तारांत खरोखरच तसं करत, दोन्ही टोकांना ६०० ओहम. त्यातून जास्तीत जास्त शक्ती पलीकडे जाते.

हेडफोनच्या बाबतीत मात्र नेमकं उलट हवं असतं. ॲम्पच्या तोंडचा संरोध हेडफोनच्या संरोधापेक्षा बराच कमी असावा, साधारण एक अष्टमांश किंवा त्याहून कमी, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमच्या आतला ॲम्प. हे पाळलं नाही तर काय होतं? काही इअरफोनचा संरोध प्रत्येक स्वराला वेगळा असतो, खर्जात एक आणि वरच्या पट्टीत दुसराच. ॲम्पचा स्वतःचा संरोध मोठा असला की त्या चढउतारांप्रमाणे आवाजाचा तोल बदलतो. कुठे खर्ज फुगतो, कुठे वरचे स्वर बसतात. लोकांना वाटतं ॲम्पचा ‘स्वभाव’ ऊबदार आहे. स्वभाव कसला, साधी वाटणी चुकलेली असते.

तेव्हा ‘जुळणे’ वापरायचं असेल तर ‘यमक जुळलं’, ‘सूर जुळले’ या अर्थाने वापरा, ‘आकडे जुळले’ या अर्थाने नको.

*

‘सांगड’ खोडू नका हो! सांगड म्हणजे मुळात पाणी ओलांडायला दोन होड्या किंवा पोकळ भोपळे एकमेकांना बांधून केलेला तरंगता आधार. एकट्याने जमत नाही म्हणून दोघांना आवळून बांधायचं. आता हे हेडफोनवाले काय करतात ते आठवा. प्लेअरच्या पाठीला ॲम्प लावतात, वर दोन रबर बँड चढवतात आणि दोघांच्या मध्ये बोटभर वायर. त्याला ते ‘स्टॅक’ म्हणतात. अहो, ही तर अक्षरशः सांगड! मूळ अर्थ विसरला गेला होता, तो रबर बँडमुळे परत आला. नामाच्या जागी मी बेधडक हाच शब्द लिहीन: ‘माझी सांगड खिशात मावत नाही.’

*

क्या बात है. मात्र ‘कल्पना आणि वास्तव यांची सांगड’ असली भाषणं ऐकून तो शब्द इतका गुळगुळीत झालाय की रबर बँड दिसायला वेळ लागेल.

बाकी पहिल्या वॉकमनला (१९७९ चा) दोन हेडफोनच्या खाचा होत्या, दोघांनी मिळून ऐकायला. तेव्हा जोडी माणसांची लागायची.

*

शब्दांचं चाललंच आहे तर माझ्या आवडीचा भाग सांगते. असली सांगड बिघडते तेव्हा आवाज काय येतो हे मराठीत जितकं नेमकं सांगता येतं तितकं क्वचितच कुठे येत असेल. नुसतं ‘डिस्टर्बन्स येतो’ म्हणणाऱ्याला मी आधी विचारते, सूंऽ येतो, घूंऽ येतो, की खरखर येते? उत्तरातच दुरुस्ती असते.

गाणं थांबवलं तरी एकसारखा ‘सूंऽ’ येतो, ती ॲम्पची स्वतःची पार्श्वकुजबुज. नाजूक इअरफोनला फार जोराचा ॲम्प लावला की ती उघडी पडते. ‘घूंऽ’ बहुधा प्लेअर किंवा ॲम्प चार्जरला लावल्यावर सुरू होतो आणि वायर काढली की जातो, म्हणजे तो विजेच्या लाइनीतून, अर्थिंगच्या फेऱ्यातून आलेला. ‘खरखर’ आवाजाचं चक्र फिरवतानाच येत असेल तर आत धूळ आहे. आणि ‘टर्र, टर्र-टर्र’ असं तुटक आलं तर शेजारी मोबाइल ठेवलाय, जुना २जी असेल तर नक्कीच.

याखेरीज ‘आवाज फाटतो’. हा शब्द तर कुठल्याही पारिभाषिक कोशापेक्षा सरस आहे. लाटेला जेवढं वर जायचंय तेवढी जागाच उरत नाही, मग तिचा माथा सपाट कापला जातो, आणि कानाला ते खरंच कापड फाटल्यासारखं लागतं.

*

फाटण्यावरून ‘गेन’चा प्रश्न सुटतो बघा. गेनला ‘लाभ’ म्हणणारे आहेत, वाचताना शेअर बाजार आठवतो. आपल्याकडे साधा ‘पट’ आहे. अडीचपट, पाचपट, दहापट. गेन म्हणजे आत आलेला दाब किती पट करून बाहेर दिला. डेसिबलमध्ये अडीचपट म्हणजे ८ आणि दहापट म्हणजे २०.

पट वाढवली म्हणजे ताकद वाढली असं मात्र नाही. सीमॉय नावाचा घरी बनवायचा एक प्रसिद्ध ॲम्प आहे, पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत मावणारा. तो ९ व्होल्टच्या एका बॅटरीवर चालतो. तिचे दोन भाग केले की लाटेला वर साडेचार आणि खाली साडेचार व्होल्ट, एवढीच जागा. मोजमापाच्या नेहमीच्या हिशेबाने (आरएमएस, शिखराच्या सुमारे ०.७ पट) ३.२ व्होल्टच्या पुढे तो जाऊच शकत नाही. आता प्लेअरचा १ व्होल्ट घेऊन दहापट मागितली तर १० कुठून येणार? फाटणारच. अडीचपट ठेवली तर अडीच व्होल्ट, सुखाने. लोक गेनचं बटण ‘हाय’वर टाकतात आणि ॲम्पला नावं ठेवतात.

*

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. मी एक शब्द मागायला आलो होतो आणि तीन क्रियापदं घेऊन चाललोय. वायर जोडायची, भार झेपतो का बघायचं, आणि सूर जुळले की नाही ते कानाने ठरवायचं. ‘पेअर’ या एका शब्दाखाली हे तिन्ही दडपलेले होते, म्हणून मी ब्लूटूथ शोधत बसलो.

एक शंका राहिलीय. माझा जुना आयपॉड आहे, खाली रुंद ३० पिनांची खाच असलेला. मित्र म्हणतो, ‘ॲम्पला हेडफोनच्या खाचेतून देऊ नकोस, खालून लाइन आउट घे.’ याला मराठीत काय म्हणू?

*

मित्र बरोबर सांगतोय. हेडफोनच्या खाचेवर प्लेअरचा स्वतःचा छोटा ॲम्प बसलेला असतो. तिथून घेऊन बाहेरच्या ॲम्पला दिलंत तर दळलेलंच पुन्हा दळता, आणि पहिल्या जात्याची कचकचही त्यात येते. खालच्या खाचेतून येणारा संकेत त्या छोट्या ॲम्पला आणि आवाजाच्या नियंत्रणाला वळसा घालून येतो. ती सोय नसलेल्या प्लेअरवर आवाज फाटणार नाही इतपत वर ठेवायचा आणि बाकीचं ॲम्पच्या चक्राने करायचं.

शब्द म्हणाल तर ‘लाइन आउट’च राहू द्या. बऱ्याच उपकरणांवर तेच छापलेलं असतं, वाचणारा शोधणार तेच. कंसात ‘बिनदळलेलं’ लिहिलंत तर मी हरकत घेणार नाही.

*

धागाकर्ता

टिपणाचं पहिलं वाक्य आता असं झालंय: ‘प्लेअरला हेडफोन झेपत नसेल तर मध्ये ॲम्प घाला.’

*

‘घाला’ नको, ‘लावा’. घालतात ते भाजीत मीठ.

*

मध्ये असेल तर ‘घाला’च. भिंतीला लावतात, फटीत घालतात.