सिग्लॉस हे इराणी चांदीचे नाणे प्राचीन भारतात चलनात होते काय?

नाणेवेडा (प्रश्न)

माझ्या दिवंगत मामांच्या संग्रहातील चांदीचे एक नाणे सध्या माझ्यासमोर आहे. ते गोल नसून चिंचोक्यासारखे लांबट आणि जाड आहे. एका बाजूस मुकुट घातलेला, दाढी राखलेला राजा गुडघा वाकवून धावतो आहे. त्याच्या एका हातात भाला आणि दुसऱ्या हातात धनुष्य आहे. मागील बाजूस चित्र किंवा अक्षर काहीच नाही, केवळ एक ओबडधोबड आयताकृती खळगा आहे. राजाच्या खांद्याजवळ चंद्रकोरीसारखी बारीक खूण मागाहून ठोकलेली दिसते. सोनाराच्या काट्यावर वजन ५.४ ग्रॅम भरले. मामांनी लिफाफ्यावर पेन्सिलीने ‘सिग्लॉस, तक्षशिला’ एवढेच लिहून ठेवले आहे.

गांधार आणि सिंधू खोरे इराणच्या हखामनी सम्राटांच्या ताब्यात होते, हे ठाऊक आहे. तेव्हा हे नाणे तिकडे चालत असे काय, ती चंद्रकोर आपल्याकडील सराफांची आहे काय, आणि आपली आहत (चिन्हांचे ठसे ठोकलेली) नाणी यावरूनच निघाली असे मानता येईल काय?

वाटसरू

वर्णनावरून नाणे सिग्लॉसच आहे. या नाण्यांचे चार मुख्य प्रकार आहेत: राजाची अर्धाकृती, धनुष्य ओढणारा राजा, भालाधारी राजा आणि खंजीरधारी राजा. तुमचा तिसरा प्रकार झाला, आणि तो विपुल सापडतो. आरंभीचे वजन ५.३५ ग्रॅमच्या आसपास होते, नंतर ते ५.५५ च्या घरात नेण्यात आले. झीज धरता तुमचे वजन ठीकच आहे. असे वीस सिग्लॉय (सिग्लॉसचे अनेकवचन) म्हणजे सुमारे ८.४ ग्रॅमचा एक सोन्याचा दारिक. म्हणजे सोन्याचा भाव चांदीच्या सुमारे सव्वातेरा पट पडतो. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने तेरापट सांगितला आहे.

आता मूळ मुद्दा. नाणे ‘इराणी’ म्हटले तरी त्याचे माहेर इराण नव्हे, आजच्या तुर्कस्तानातील सार्डिस हे होय. हखामनी सम्राट सायरसाने इ.स.पू. ५४६ च्या सुमारास सार्डिस राजधानी असलेली लिडिया जिंकली, तेव्हा तेथील टाकसाळ चालूच होती आणि लिडियाचा राजा क्रीसस याची सिंह-बैलाची नाणी पुढेही काही काळ पाडली जात राहिली. सम्राट दारयवहूच्या काळात त्यांची जागा धनुर्धर राजाने घेतली. सिग्लॉयचे साठेही मुख्यतः आशिया मायनरमध्येच मिळतात. ग्रीक भाडोत्री सैनिक, आरमार आणि बंदरांतील व्यापारी यांना नाण्याची सवय होती. त्यांच्याशी व्यवहार करायचा तर नाणे लागे.

त्या वापराचे एक उदाहरण ग्रीक लेखक झेनोफनने नोंदवले आहे. इ.स.पू. ४०१ मध्ये धाकट्या सायरसाची (वरच्या सम्राटाची नव्हे, नंतरच्या हखामनी राजपुत्राची) फौज युफ्रेटिसकाठच्या ओसाड मुलखातून चालली असता धान्य संपले, आणि छावणीतल्या लिडियन बाजारात दोन माणसांच्या दिवसभराच्या शिध्याइतके पीठ चार सिग्लॉयना विकले जाऊ लागले. सिग्लॉस म्हणजे साडेसात अॅटिक ओबोल (अथेन्सची छोटी नाणी), असा खुलासाही त्याला ग्रीक वाचकांसाठी करावा लागला. सैनिकांनी शेवटी मांसावरच दिवस काढले.

काटा-तराजू

वरील उत्तराला एक पुरवणी. खुद्द पर्सेपोलिसमध्ये, म्हणजे इराणमधील हखामनी राजधानीत, चांदी होती, पण ती तोलून दिली जाई. तेथील खजिन्याच्या मातीच्या पाट्यांवर कामगारांना शिध्याऐवजी द्यायच्या चांदीचे हिशेब आहेत: एका मेंढीचे तीन शेकेल (चांदीचे वजन), मद्याच्या एका रांजणाचा एक शेकेल. इ.स.पू. ५०० च्या सुमाराच्या एका पाटीवर शाही नाण्याचा ठसा उमटलेला आहे, पण तो मोहोर म्हणून! नाणे खर्चण्यापेक्षा शिक्का मारायला वापरावे, यातच त्या शहराची रीत दिसते. हिरोडोटस सांगतो की करातून आलेला धातू वितळवून मातीच्या भांड्यांत ओतत, निवल्यावर भांडे फोडून लगड ठेवून देत आणि लागेल तेवढा तुकडा कापून घेत. अलेक्झांडरला सूसा या दुसऱ्या हखामनी राजधानीच्या खजिन्यात जे घबाड मिळाले, त्यातही नाणी न पाडलेल्या सोन्या-चांदीचाच भाग मोठा होता.

नाणेवेडा

मग भारताचे काय? आणि त्या चंद्रकोरीचे?

वाटसरू

भारतीय प्रांताकडून साम्राज्याला येई ते ३६० टॅलेंट (प्राचीन मोठे वजन) सुवर्णरज, चांदीची नाणी नव्हेत. काबूलजवळ चमन-ए-हजुरी येथे १९३३ साली मिळालेल्या साठ्यात ग्रीक नाणी, स्थानिक नाणी आणि चांदीचे वाकवलेले दंड एकत्र होते. त्यातील नोंदलेल्या सिग्लॉयची संख्या अवघी आठ. यावरून पूर्वेकडे ही नाणी पोहोचली, पण चांदीचा तुकडा म्हणून, असे मला वाटते. वाकड्या दंडांचे वजन सुमारे ११ ग्रॅम, म्हणजे दोन सिग्लॉयइतके असल्याने काहीजण इराणी प्रभाव मानतात. परंतु शंभर रत्तींच्या शतमान या भारतीय वजनाशीही ते जुळते, त्यामुळे मी तो पुरावा निर्णायक धरत नाही. ‘कार्षापण’ (प्राचीन भारतीय नाणे) आणि इराणी वजन ‘कर्ष’ हे शब्दसाम्यही मोहात पाडणारे आहे, पण इराणी कर्ष ८३ ग्रॅमचा आणि आपले चांदीचे कार्षापण साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेरचे!

चंद्रकोरीबाबत नाणेतज्ज्ञ रॅप्सनने १८९५ साली सिग्लॉयवरील खुणा आणि भारतीय आहत नाण्यांवरील चिन्हे यांतील साम्य मांडले होते. मात्र अशा खुणांची नाणी आशिया मायनरमध्येच भरपूर मिळत असल्याने, त्या तिथल्याच सराफांनी पारख करताना ठोकल्या असाव्यात, हे मला अधिक पटते. चांदीचा मुलामा दिलेले, आत तांबे असलेले सिग्लॉयही बाजारात फिरत. तुमच्या खुणेचा तळ भिंगातून पाहा. लालसर दिसल्यास त्या सराफाचा संशय खरा होता.

नाणेवेडा

भिंगातून पाहिले. तळाशीही पांढरी चांदीच आहे. मामांचा लिफाफा तसाच ठेवला आहे. ‘तक्षशिला’ या शब्दापुढे फक्त एक प्रश्नचिन्ह काढले.