आजी म्हापशाची, क्लब कोल्हापूरचा, गाव खानापूर: पोरगं खेळणार कुणाकडून?

डावा_विंग (बेळगाव)

मंडळी, एका १७ वर्षांच्या फुटबॉल विंगरसाठी विचारतोय. जन्म बेळगावात, गाव खानापूर तालुक्यात, घरी मराठी, दोन हंगाम नोंदणी कोल्हापूरच्या क्लबात. आईची आई १९५४ ची, जन्म म्हापशाचा. लेले ग्राउंडच्या कट्ट्यावर तीन तऱ्हेची मतं आहेत. एक म्हणतो, आजीच्या नावावर पोर्तुगीज पासपोर्ट काढा, भारताचा ठेवा, पुढे बघू. दुसरा म्हणतो, भारताच्या १७ वर्षांखालच्या संघात एकदा खेळला की कायमचा अडकला. तिसऱ्याचं म्हणणं, मराठी माणूस आहे तर संतोष ट्रॉफी (राज्यांची राष्ट्रीय स्पर्धा) महाराष्ट्राकडूनच खेळता आली पाहिजे, सीमाप्रश्न गेला खड्ड्यात. यातलं खरं किती? कलमांसकट सांगा की.

चोर्ला_घाट

आधी पासपोर्टचं बोलू, फुटबॉल त्याच्या मागून येतो.

पहिलं मत तर सरळ चूक. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९: स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. पासपोर्ट कपाटात ठेवला म्हणून ते शिल्लक राहत नाही, उलट तो जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यावं लागतं. त्यानंतर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं) मिळू शकतं, पण ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. २००८ पासून क्रीडा मंत्रालयाचं धोरण स्पष्ट आहे की भारताच्या संघात फक्त भारतीय नागरिक. त्यामुळे ओसीआयवाला इथे राहील, नोकरी करेल, निळी जर्सी घालू शकणार नाही. इंग्लंडमधल्या फुटबॉलपटू मायकेल चोप्राचं नाव इतकी वर्षं चर्चेत राहिलं आणि पुढे काही झालं नाही, ते याच दगडाला ठेचकाळून.

परत यायची वाट आहे, पण लांबची. ओसीआय होऊन ५ वर्षं आणि अर्जाआधी १२ महिने भारतात वास्तव्य, मग कलम ५ खाली नोंदणी. अराता इझुमीने जपानी नागरिकत्व सोडून भारतीय घेतलं आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. बेंगळुरू एफसीचा रायन विल्यम्स पर्थमध्ये जन्मलेला, आई मुंबईची. त्याने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारतीय पासपोर्ट घेतला. म्हणजे माणसं येतात, पण दोन्ही दगडांवर पाय ठेवून नाही.

शेजारी बघा. बांगलादेशात दुहेरी नागरिकत्व चालतं, म्हणून लफबरोमध्ये जन्मलेला, इंग्लंडच्या २१ वर्षांखालच्या संघात खेळलेला हमझा चौधरी २५ मार्च २०२५ ला शिलाँगमध्ये भारताविरुद्धच उतरला. सामना ०–० सुटला. फिफाचे नियम दोन्ही देशांना सारखेच, फरक पडतो तो देशाच्या कायद्याने.

आता आजी. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांची आणि त्यांच्या वारसांची पोर्तुगालमध्ये नोंद होऊ शकते, ही गोष्ट खरी. पण साखळी एकेक कडीने जाते: आधी आजीचा जन्म लिस्बनच्या नोंदवहीत, मग लग्न, मग आईचा जन्म, मग पोराचा. म्हापशाच्या जुन्या दाखल्यावर नाव एक, लग्नाच्या दाखल्यावर दुसरं आणि खानापूरच्या कागदावर तिसरं असेल तर गाडी तिथेच थांबते. आणि पासपोर्ट हातात आला म्हणून पोर्तुगालकडून खेळता येईल असंही नाही. नव्याने नागरिकत्व घेतलेल्या खेळाडूकडून फिफाचं कलम ७ जिवंत दुवा मागतं: स्वतःचा जन्म, आई किंवा वडिलांचा जन्म, आजी किंवा आजोबांचा जन्म त्या देशाच्या फुटबॉल संघटनेच्या प्रदेशात, नाहीतर तिथे वास्तव्य. वास्तव्य दहाव्या वर्षाआधी सुरू झालं असेल तर ३ वर्षं, त्यानंतर सुरू झालं तर ५ वर्षं. दहा ते अठरा या वयात गेला असेल तर त्या देशाच्या संघाकडून खेळायला म्हणून गेला नव्हता हेही दाखवावं लागतं. म्हापसा आज कुणाच्या प्रदेशात? भारताच्या. वकील म्हणेल, पोर्तुगीज कायद्यात वारसाने आलेलं नागरिकत्व जन्मापासून धरतात, त्यामुळे कलम ७ लागूच होत नाही. मुद्दा मांडता येतो, पण तो फिफाच्या प्लेयर्स स्टेटस चेंबरपुढे, कट्ट्यावर नाही. शिवाय तोच मुद्दा इथे उलटतो: जन्मापासून पोर्तुगीज, तर भारताचं नागरिकत्व संपलं कधी? तोंडी खात्री देणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका.

शिट्टी_काका

चोर्लाभाऊंनी पासपोर्टचं नीट सांगितलं. मी 'अडकला' या शब्दाचं बघतो, कारण निम्मे वाद त्यावरच होतात.

खेळाडूला बांधतो तो अधिकृत स्पर्धेतला सामना. विश्वचषक पात्रता, आशियाई चषक पात्रता, त्यांच्या वयोगटाच्या पात्रता फेऱ्या, सगळं त्यात आलं. एक मिनिट खेळला तरी खेळलाच. बेंचवर बसून राहिला तर नाही. मैत्रीपूर्ण सामना बांधत नाही. डेक्लन राइस आयर्लंडकडून ३ मैत्रीपूर्ण सामने खेळून इंग्लंडकडे गेला, दिएगो कोस्टा ब्राझीलकडून २ खेळून स्पेनकडे. रायन विल्यम्सही ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळला होता, त्या वेळी वय पंचवीस. तरी फिफाने बदल मान्य केला. मात्र ऑस्ट्रेलियाचा कागद वेळेत आला नाही म्हणून नोव्हेंबर २०२५ च्या ढाक्याच्या सामन्यात त्याला घेता आलं नाही. नियमात बसणं आणि फाइल पूर्ण असणं या दोन वेगळ्या गोष्टी.

अधिकृत सामन्याने बांधलेल्यालाही सुटायची वाट आहे, फिफाचं कलम ९. मुनीर एल हद्दादीचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक असेल. ८ सप्टेंबर २०१४, मॅसेडोनियाविरुद्ध युरो पात्रता सामना, स्पेनकडून शेवटची १३ मिनिटं. तेवढ्यासाठी मोरोक्कोकडून २०१८ चा विश्वचषक हुकला, क्रीडा लवादानेही दाद दिली नाही. सप्टेंबर २०२० मध्ये फिफाने नियम सैल केला आणि २०२१ मध्ये तो मोरोक्कोकडून उतरला. आताचा नियम असा: सीनियर संघाकडून जास्तीत जास्त ३ सामने (यात मैत्रीपूर्णही मोजतात), तेही एकविसाव्या वाढदिवसाआधी, शेवटच्या सामन्याला ३ वर्षं झालेली, आणि विश्वचषक किंवा खंडाच्या चषकाच्या मुख्य स्पर्धेत पाऊल ठेवलेलं नसावं.

इथे एक बारीक अट आहे जी आपल्या पोरांना मारते, आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्यांत ती नसते. सीनियर अधिकृत सामन्यानंतर बदलायचं तर जुन्या संघाकडून पहिला अधिकृत सामना खेळला त्या दिवशी नव्या देशाचं नागरिकत्व हातात असायला हवं. फ्रान्स, स्पेन, नेदरलँड्समधल्या पोरांकडे ते जन्मतः दोन्ही असतं. २०२२ च्या विश्वचषकात मोरोक्कोच्या २६ जणांपैकी १४ जण देशाबाहेर जन्मलेले होते, हकीमी माद्रिदचा, ते काही जादूने नाही. भारतीयाकडे कायद्यानेच दुसरं नागरिकत्व नसतं. म्हणून भारताकडून सीनियर पात्रता सामना खेळलात की दार व्यवहारात बंद.

डावा_विंग (बेळगाव)

काका, मग १७ वर्षांखालच्या संघाचं काय? तेच तर विचारलं होतं.

शिट्टी_काका

सांगतो की, थांब जरा. वयोगटात दोन फांद्या आहेत. पहिला अधिकृत सामना खेळला तेव्हा नव्या देशाचं नागरिकत्व असेल तर पहिली. नसेल तर दुसरी: जुन्या संघाकडून शेवटचा अधिकृत सामना २१ पूर्ण व्हायच्या आत असावा आणि कलम ७ मधला दुवा जुळावा. म्हणजे तुझा विंगर भारताच्या १७ किंवा २० वर्षांखालच्या संघाकडून बिनधास्त खेळू दे. त्याने काही कायमचं ठरत नाही. उद्या २३ वर्षांखालच्या आशियाई पात्रता फेरीत २१ ओलांडून उतरला तर मात्र ही फांदी तुटली.

अर्ज नवी संघटना फिफाकडे करते, खेळाडूच्या लेखी विनंतीसह. आणि अर्ज दिल्यापासून निकाल लागेपर्यंत कुठल्याच देशाकडून खेळता येत नाही. हंगाम बघून अर्ज करायचा तो यासाठी.

निपाणी_नाका

तिसऱ्या मताबद्दल. फिफाच्या वहीत सीमाप्रश्न नाही. कुणाची आजी १९५४ ला मुंबई राज्यातल्या बेळगावात जन्मली काय, १ नोव्हेंबर १९५६ नंतर म्हैसूर राज्यातल्या बेळगावात जन्मली काय, दोन्हीकडे प्रदेश एकच, भारतीय फुटबॉल महासंघाचा.

राज्याच्या संघाला भाषा विचारत नाहीत, जन्मगावही नाही. नोंदणी बघतात. पोरगं महासंघाच्या सीआरएस या खेळाडू नोंदणीच्या प्रणालीत कोल्हापूरच्या क्लबात असेल तर ते विफाच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या खात्यात. बेळगावच्या क्लबात आलं की कर्नाटकच्या. राज्य बदलायचं तर त्याच प्रणालीतून आंतरराज्य ट्रान्सफर, जुन्या क्लबाची एनओसी घेऊन. त्यामुळे तुमच्या विंगरला आज महाराष्ट्राची वाट मोकळी आहे, मराठी आहे म्हणून नव्हे, कार्ड तिकडचं आहे म्हणून. स्पर्धेचं परिपत्रक दरवर्षी येतं. नोंदणीची अंतिम तारीख त्यातच बघा, गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका.

शालेय स्पर्धेत पुन्हा वेगळं: शाळा ज्या राज्यात, संघ त्या राज्याचा. कागलच्या शाळेत जाणारं निपाणीचं पोरगं शाळेकडून महाराष्ट्राचं आणि रविवारी क्लबकडून कर्नाटकचं असू शकतं. यात बेकायदा काही नाही, फक्त दोन्हीकडे नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर सारखी लागते.

आणि तिसरी वाट सगळे विसरतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच आहे. सैन्यात गेला तर संतोष ट्रॉफीत सेनादलाचा स्वतंत्र संघ असतो, रेल्वेचाही. तिथे कर्नाटक-महाराष्ट्र हा प्रश्नच मिटला. बाकी भावनेचं म्हणाल तर कर्नाटकने २०२२-२३ ची संतोष ट्रॉफी रियाधमध्ये मेघालयाला ३–२ हरवून जिंकली, ५४ वर्षांनी. मला नाही वाटत त्या संघात जागा मिळाली तर कुणी भाषेवरून नको म्हणेल.

हिंडलगा_७

मग सीमाभागाचाच वेगळा संघ काढू की! कोनिफात, त्या फिफाबाहेरच्या संघांच्या संघटनेत, घेतात म्हणे असले.

निपाणी_नाका

घेतात. २०१८ ला लंडनमध्ये त्यांचा चषक कारपातालियाने जिंकला, युक्रेनमधल्या हंगेरियन लोकांचा संघ. फिफाच्या लेखी तो सामनाच नसतो, त्यामुळे बांधतही नाही आणि मोजतही नाही. काढा संघ. जर्सी कुठल्या भाषेत छापायची यावर पहिली मीटिंग मोडेल एवढं बघा.

दाखला_द्या

कागदांचं राहिलंच, आणि पाय घसरतो तो इथेच.

आजी-आजोबांचा दाखला हा कच्चा दुवा आहे, कारण तो जुना, हाताने लिहिलेला, आणि 'सोय करून देणारे' सगळीकडे असतात. मलेशियाने जून २०२५ मध्ये व्हिएतनामला ४–० हरवलं. पुढे फिफाने सात खेळाडूंच्या आजी-आजोबांचे मूळ दाखले थेट त्या त्या देशांतून मिळवले. मलेशियाने दिलेल्या कागदावर जन्म मलेशियात, मुळात अर्जेंटिना, ब्राझील, स्पेन, नेदरलँड्समध्ये. सातही जणांवर १२ महिन्यांची बंदी, संघटनेला साडेतीन लाख स्विस फ्रँक दंड. त्याआधी पूर्व तिमोरने बारा ब्राझिलियनांना खोट्या दाखल्यांवर खेळवलं आणि २०२३ च्या आशियाई चषकाला मुकला.

खोटेपणा नसतानाही फटका बसतो. बोलिव्हियाने २०१६ मध्ये पॅराग्वेत जन्मलेल्या नेल्सन काब्रेराला ५ वर्षांचं वास्तव्य पुरं नसताना उतरवलं. पेरू आणि चिलीविरुद्धचे दोन्ही सामने ०–३ धरले गेले. तक्रारदार चिली! त्यांना २ गुण जादा मिळाले, पेरूला ३, आणि शेवटी दोघे समान गुणांवर येऊन गोलफरकावर पेरू पुढे, चिली घरी.

आपल्याकडे करायचं काय: जन्मदाखला कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी प्रतही काढून ठेवा. २०१४ च्या आधीच्या कागदावर 'बेलगाम' आणि नंतरच्यावर 'बेळगावी' असतं, जन्मस्थान पासपोर्टवर एकदा जसं छापलं तसंच पुढे सगळीकडे लिहा. वडिलांचं नाव कुठे मधलं, कुठे आडनावाच्या जागी, हा आपला खास घोळ. पासपोर्ट, आधार आणि सीआरएसमध्ये क्रम एकच ठेवा. वय कमी दाखवायला दुसरं आयडी काढलेलं असेल तर आजच क्लबला सांगून एक बंद करा. १७ वर्षांखालच्या स्पर्धेत मनगटाचा एमआरआय होतो, सहा श्रेणींपैकी सहावी म्हणजे हाड पूर्ण जुळलेलं, खेळाडू बाहेर. तिथे तहसीलदाराचा शिक्का चालत नाही.

डावा_विंग (बेळगाव)

कळलं. पोर्तुगालचा विषय बंद. कोल्हापूरचं कार्ड आहे तसं ठेवतो. एकच राहिलं: आधारवर जन्मस्थान नसतंच, आणि शाळेच्या दाखल्यावर 'खानापूर' लिहिलंय, जन्मदाखल्यावर बेळगाव. कुठलं धरायचं?

दाखला_द्या

जन्म झाला ते गाव. दवाखाना बेळगावात, तर बेळगाव. शाळेचा दाखला मुख्याध्यापकांकडे अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या, शाळा सोडायच्या आत. नंतर फार हेलपाटे पडतात.